शेबॉयगन, पन्नास मिनिटं

पाठीवर चार सेफ्टी पिना, नंबर एकशे सतरा.
पाचवी टोचत होती, ती काढून दातांत धरली,
मग कुठे ठेवली, आठवत नाही.

आकाशी जर्सीतल्या सातजणी.
त्यांचा तंबू, त्यांचा मेकॅनिक,
बर्फात मानेपर्यंत बुडवलेल्या बाटल्या.
केशरी पाचजणी. आणि मिनिआपोलिसच्या चौघी,
रोलरवर घाम काढत, एकमेकींशी न बोलता,
सगळं ठरून गेल्यासारख्या.
माझा तंबू म्हणजे डिकी उघडी टाकलेली गाडी
आणि पंप धरून उभा असलेला भाऊ, स्टॅन,
ज्याला दर वर्षी सांगावं लागतं
की या शर्यतीत कुठे पोचायचं नसतं,
तेच चार कोपरे, पुन्हा पुन्हा.

शिटी.

पहिली दहा मिनिटं
पुढचीचं मागचं चाक, एवढंच जग.
मध्ये वीतभर हवा.
तेवढ्यात कुणीतरी शिंकतं, शिवी देतं, ब्रेक कुरकुरतो.

इथे सगळा व्यवहार वाऱ्याचा:
तो कुणी अंगावर घ्यायचा, कुणी आडोशाला बसायचं.
आकाशींपैकी एक सुटते,
बाकीच्या सहा पुढे येऊन हळूच मंदावतात,
दाराला आतून कडी घातल्यासारख्या.
कुणीतरी पाठलाग करायला हवा.
कुणीतरी म्हणजे मी.
"जा ना, जा!" मागून केशरी ओरडते,
तिला स्वतःचे पाय शिल्लक ठेवायचेत.
मी जाते. दोन फेऱ्यांत गाठते
की लगेच दुसरी सुटते, ताजी,
जणू पहिली नुसता निरोप सांगायला आली होती.

सातांतून एक गेली, उरल्या सहा.
माझ्यातून एक गेली तर
गणित नको. पाणी पी.

पण आठव्या रस्त्याचं उजवं वळण माझं आहे.
शाळेच्या दिवसांत, सकाळी सात दहाला,
मी इथून पिवळी बस वळवते,
बेचाळीस पोरं, निम्मी पेंगुळलेली.
बेकरीसमोरचं गटाराचं झाकण एका अंगाला कललंय.
बसचं मागचं चाक तिथे टक् म्हणतं.
ह्या सगळ्या त्याला बाहेरून लांब वळसा घालतात.
आतून, झाकण आणि फुटपाथच्या मधून,
एक पट्टी आहे, हातभर रुंद.
ती मला ठाऊक आहे. नगरपालिकेलाही नसेल.

घंटा. या फेरीचं बक्षीस साठ डॉलर
आणि पाच पौंड चीज.
मी पाय थांबवत नाही.
गवताच्या गठ्ठ्यातली काडी बाहीत अडकते,
झाकण डाव्या पेडलखालून सरकून जातं,
आणि समोर
कुणीच नाही.
केवढा मोठा रस्ता, एकटीसाठी.

कठड्यापलीकडून काओली व्हाँग, चौथीतली,
"मिस विझ! मिस विझ! किती जोरात चालवताय!"
तिलाच मी रोज आरशातून म्हणते, खाली बस.

चीज माझं. दमही संपला.
मागून एक सावली येते. वाटलं, आकाशी.
नव्हे. एकशे एकतीस, ग्रेटशन, फॉन्ड डू लॅकची,
तीही एकटी, गुडघ्यावर जुनं खरचटलेलं.
नुसतं कोपर हलवते: आता मी पुढे, तू मागे.
दोघींचा मिळून तंबू होत नाही.
आडोसा होतो.
सहा फेऱ्या झाला.

सातव्या फेरीला त्या आल्या,
साती एका ओळीत, रागावलेल्याही नव्हत्या,
कपडे वाळत घालावेत तशा शांतपणे
आम्हाला ओलांडून गेल्या.
शेवटच्या वळणावर पट्टी होती, पाय नव्हते.

स्टॅन विचारतो, कितवा नंबर?
अकरावी. नाहीतर बारावी. फोटो बघतायत.
ग्रेटशन डिकीवर बसून बूट काढते.
चाकू कुणाकडेच नाही,
म्हणून टायर काढायच्या पट्टीने चीज कापतेय,
वेडंवाकडं, आणि मोठा तुकडा
नकळत, की कळून, माझ्याकडे सरकवते.